दुधाची शुद्धता गोठ्यातच ठरते

दुधाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला शब्द उच्चारला जातो तो 'भेसळ'. युरिया, धुण्याची पावडर, कृत्रिम दूध ही नावे आता घराघरांतील गृहिणींनाही पाठ झाली आहेत. छापे पडतात, रस्त्यावर टँकर ओतून दिले जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात आणि समाजाच्या संतापाला समोर दिसणारा एक शत्रू मिळतो. भेसळ करणारा गुन्हेगारच आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या दुधात कोणीही काहीही मिसळलेले नाही, जे समोर उभे राहून धार काढून घेतलेले आहे, त्या निर्भेळ दुधातही विष असू शकते. त्याचा माग कोणत्याही छाप्यात लागत नाही, कारण ते गाई-म्हशीच्या कासेतूनच आलेले असते.

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभर दुधाचे सर्वेक्षण केले. १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेण्यात आले. त्यांत आरोग्यास अपायकारक भेसळ आढळली ती केवळ १२ नमुन्यांत. याउलट ३६८ नमुन्यांत बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा अधिक होते, तर ७७ नमुन्यांत प्रतिजैविक औषधांचे अंश मर्यादेबाहेर होते. औषधांच्या बाबतीत पहिल्या तीन राज्यांत महाराष्ट्राचे नाव होते. भेसळ संपली असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पण आपण चोराच्या मागे बॅटरी घेऊन धावत असताना घराचा मागचा दरवाजा उघडाच राहिला होता, एवढे तरी या आकड्यांवरून दिसते.

'दूध उकळून घेतले की झाले,' असे आपल्या घरांत म्हटले जाते. ही आपली जुनी आणि फार चांगली सवय आहे. तिचे मोल कळण्यासाठी माल्टा बेटाचे उदाहरण पाहावे. तेथील ब्रिटिश सैनिकांना व खलाशांना महिनोन् महिने टिकणारा, पुन:पुन्हा उलटणारा एक ताप येत असे. डेव्हिड ब्रूस याने १८८७ साली त्याचा जंतू शोधला. तथापि तो शरीरात येतो कोठून, हे कोडे सुटायला १९०५ साल उजाडले. थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरला तो जंतू शेळ्यांच्या रक्तात सापडला. विशेष म्हणजे त्या शेळ्या धडधाकट दिसत होत्या. दारोदार हिंडवून तेथल्या तेथे त्यांची धार काढून दिली जात असे. १९०६ साली सैन्याच्या आहारातून शेळीचे दूध बंद झाले आणि तापाचे रुग्ण झपाट्याने घटले. हाच तो ब्रुसेलोसिस. आपल्या गोठ्यांतही तो आहे. दूध उकळणारे घर त्यापासून वाचते. पण गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातांनी उचलणारी शेतकऱ्याची पत्नी वाचत नाही. तिचे सांधे दुखतात, ताप येतो-जातो, आणि हा आजार गोठ्यातून आला, हे अनेकदा तिच्या डॉक्टरच्याही ध्यानात येत नाही. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला व पारडीला आयुष्यात एकदाच टोचावी लागणारी लस उपलब्ध आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती समाविष्ट आहे. हातमोजे तर कोठेही मिळतात.

जंतू उकळीने मरतो. बुरशीचे विष मात्र उकळीला दाद देत नाही, पाश्चरीकरणालाही नाही. त्यामुळे पिशवीतील दूध घेणाऱ्यांनी स्वत:ला सुरक्षित समजू नये. उपरोक्त सर्वेक्षणात हे विष कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधातच अधिक आढळले होते.

या विषाची ओळख जगाला १९६० साली इंग्लंडमध्ये झाली. तेथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले आणि दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा. आपल्याकडील अनुभव याहून कटू आहे. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत कापणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला, मका भिजला आणि तोच गरीब वनवासी कुटुंबांच्या पोटात गेला. कावीळ व जलोदर होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घरांतील कुत्री माणसांच्या आधीच मरू लागली होती. जनावरे आपल्याला इशारा देत असतात. तो वाचणारा पशुवैद्य गावात असावा लागतो.

दुभत्या जनावराने बुरशी लागलेला मका, पेंड वा कडबा खाल्ला की विषाचा काही अंश यकृतात रूप पालटून दिवसभरातच दुधात उतरतो. आपल्या कायद्याने किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा ठरवली आहे. दुधावर वाढणाऱ्या बालकाच्या यकृतावर थोडथोडा मारा वर्षानुवर्षे होत राहणे, हा खरा धोका आहे. मात्र यात दिलासाही आहे. दूषित खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध पुन्हा निर्धोक होते. म्हणजे उपाय प्रयोगशाळेत नसून वैरणीच्या खोलीत आहे. मका व शेंगा पुरत्या वाळवाव्यात, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर व भिंतीपासून दूर रचावीत, मुरघासाचा हवा लागून काळवंडलेला थर काढून टाकावा, भिजलेल्या गंजीचा मोह सोडावा.

आणि शहरातील माणसांनीही आपल्या गोग्रासाकडे एकदा पाहावे. नैवेद्याआधी गाईचा घास काढून ठेवण्याची आपली रीत आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा गाईपुढे जातो तो चार दिवसांचा बुरसटलेला पाव. जे आपल्या ताटात चालत नाही ते तिच्या घमेल्यात कसे चालते?

प्रतिजैविकांची गोष्ट वेगळी आहे. कासदाह, ज्याला गावात 'दगडी' म्हणतात, झाला की सडात औषधाची नळी सोडली जाते. औषध आवश्यकच असते. जनावराला वेदनेत ठेवणे हा काही उपाय नव्हे. पण ते औषध पुढील काही दिवस दुधातून उतरत राहते. किती दिवस दूध विकू नये हे वेष्टनावर छापणे २०१२ सालच्या नियमाने बंधनकारक केले आहे, आणि काळ नेमून दिलेला नसेल तर दुधासाठी किमान सात दिवस धरावेत असेही तोच नियम सांगतो. ठरावीक काळ दूध न घेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. व्यायल्यावर दहा दिवस उलटेपर्यंत गाईचे दूध धर्मशास्त्राने वर्ज्यच मानले आहे. (खरवसापुढे शास्त्राचे कोणी ऐकत नाही, तो भाग निराळा!) या औषधांच्या अंशाने पेनिसिलिनचे वावडे असलेल्या माणसाला त्रास होतो, चांगल्या दुधालाही विरजण लागत नाही, आणि औषधांना न जुमानणारे जंतू तयार होण्यास वाट मिळते.

मग शेतकरी ते दूध का घालतो? कारण संकलन केंद्रावर दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफ या दोन आकड्यांवर. औषधाचा अंश तेथे दिसत नाही आणि दूध रोखून धरणाऱ्याला कोणी शाबासकीही देत नाही. दोन गाई असलेल्या घराला एका गाईचे पाच-सात दिवसांचे दूध फेकणे म्हणजे निम्मे उत्पन्न फेकणे होय. प्रामाणिक माणसाला भुर्दंड आणि निष्काळजी माणसाला पूर्ण दर, ही व्यवस्था उपदेशाने सुधारणार नाही. ज्याने आपण होऊन 'गाईवर उपचार चालू आहेत' असे सांगितले, त्याच्या नुकसानीचा काही भाग संघाने उचलला पाहिजे. टँकरमध्ये दूध ओतण्यापूर्वी चाचणीच्या पट्ट्यांनी तपासणी झाली पाहिजे, कारण एका गाईचे दूध अनेकांच्या दुधात मिसळले की दोषी सापडत नाही. याचा खर्च लिटरमागे काही पैशांचा असेल. तो देण्याची तयारी शहरी ग्राहकाने दाखवायला हवी. स्वस्त आणि निर्धोक या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत मागून चालणार नाही.

गोठ्यात एक साधी वही असावी. कोणत्या जनावराला, कोणत्या दिवशी, कोणते औषध दिले आणि दूध पुन्हा कधी सुरू करायचे, एवढ्या चार नोंदी पुरेत. औषध दिलेल्या जनावराची धार शेवटी काढावी, पायाला रंगीत फडके बांधावे, म्हणजे घरातील दुसरे कोणी धार काढायला बसले तरी चूक होत नाही. बाजूला काढलेले ते दूध वासरालाही पाजू नये. औषधाच्या अल्प मात्रेने त्याच्या पोटातील जंतू त्या औषधाला सरावतात.