चिऱ्याच्या घराला चुनाच हवा



मे महिना सरत आला की आपल्याकडे कोकणात घराच्या पश्चिम अंगाला झापं बांधायची लगबग सुरू व्हायची. नारळाच्या झावळ्या विणायच्या आणि पडवीबाहेर उभ्या बांधायच्या. मग नैर्ऋत्येचा पाऊस कितीही आडवा आला तरी भिंतीपर्यंत पोचत नसे. आता तिथे निळं प्लास्टिक असतं, नाहीतर पत्रा. आणि भिंतीवर सिमेंट, त्यावर पुट्टी, त्यावर ऑईलपेंट. एवढी तटबंदी करूनही ऑगस्टमध्ये कपाटामागे बुरशी येतेच.

तिचं मूळ चिऱ्यातच आहे. जांभ्याचा चिरा जवळून बघा. तांबडा, अंगभर भोकं, काही भोकांत पिवळी माती. खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ की पातं सहज चालतं, हवेवर राहिला की कठीण होतो. त्याच्यावर तांब्याभर पाणी ओता, बघता बघता पिऊन टाकेल. असा दगड जोत्यातून जमिनीची ओल वर ओढणारच. त्यात रत्नागिरीचा पाऊस, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वरचा. तेव्हा ओल येणार हे धरूनच चालायचं आणि तिला परत जायला वाट ठेवायची.

जुन्या गवंड्यांनी ही वाट चुन्यातून ठेवली होती. किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना व्हायचा, घाण्यात मळला जायचा. कुठे त्यात गूळ पडे, कुठे बेलफळाचं नाहीतर हिरड्याचं पाणी. हा गिलावा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात भिंत जे पाणी पिते, ते उघडीप पडली की त्यातून उडून जातं. शिवाय ताज्या चुन्यावर बुरशीचं फारसं चालत नाही. दरवर्षी दिवाळीआधी सफेती काढायचे, ती केवळ शोभेसाठी नव्हे.

सिमेंटचा गिलावा चिऱ्यापेक्षा कडक आणि घट्ट. ओल त्याच्या पाठीमागे अडकते, क्षार तिथेच साचतात. अशा भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकून बघा, जागोजागी पोकळ आवाज येईल. मग एखाद्या वर्षी पोपडा सुटतो, तो चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच.

उन्हाचंही गणित याच ओलीशी जोडलेलं आहे. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता लवकर आत सोडते. म्हणजे भिंत कोरडी ठेवली की निम्मं काम झालं. थंड देशांत भिंतीला आतून फोमचे तक्ते लावतात. तसलं काही कुणी सुचवलं, तर जुन्या चिऱ्याच्या घराला ते अजिबात लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तक्त्यामागे भिंत कुजत राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

उष्णता अडवणारा थर हवाच असेल, तर तो चुन्यातच झाडाचे तंतू-तुकडे मिसळून करता येतो. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्याचा अभ्यास पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्या गिलाव्यात माती आणि चुन्याबरोबर भांगेच्या झाडाचे तंतू आणि तुकडे सापडले. लेण्यांतला गिलावा शतकानुशतकं टिकला आणि किडीपासून बचावला, त्यात या झाडाचा वाटा असावा, असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी की फ्रान्समध्ये १९८०च्या दशकात लोक जुनी लाकडी सांगाड्याची घरं दुरुस्त करताना याच जोडीकडे वळले, चुना आणि भांगेच्या देठाचे तुकडे. युरोपात आता तशी नवी घरंही बांधतात.

आपल्याला भांग कशाला हवी? तिच्या लागवडीवर कायद्याचे निर्बंध आहेत ते वेगळेच. आपल्याकडे भाताचं तूस आहे, नारळाचा काथ्या आहे. तुसानं गिलावा हलका होतो, त्यात हवा राहते. काथ्यानं तो धरून राहतो, तडे कमी जातात.

काम काढायचं ते पावसाळा संपल्यावर, भिंत सुकली की. सिमेंट हलक्या हातानं काढा, ब्रेकर लावू नका. एक भाग चुना, तीन भाग वाळू हे साधारण प्रमाण. वाळू मात्र खाडीची किंवा समुद्राची नको. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. थर पातळ द्या, पहिला घट्ट झाल्यावर दुसरा, आणि मध्ये पाणी शिंपडत राहा. चुनकळी भिजवताना पाणी उकळून उडतं, तेव्हा डोळे सांभाळा आणि मुलांना लांब ठेवा. वरून ऑईलपेंट लावलात तर सगळं मुसळ केरात. चुन्याची सफेतीच द्या.

घाई असेल त्यानं या वाटेला जाऊ नये. चुना सावकाश घट्ट होतो, आणि तो हाताळणारे गवंडीही आता शोधावे लागतात. शिवाय एप्रिल-मेची खरी काहिली छपरातून येते. ती भिंतीनं अडत नाही, तिला माळा आणि तक्तपोशीच हवी. रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान बघायला जाल, तेव्हा क्षणभर वरही बघा, ते उतरतं कौलारू छप्पर किती काम करतं ते.

सगळं घर एकदम उकलू नका. पश्चिमेची एक भिंत घ्या, दोन पावसाळे तिच्यावर नजर ठेवा आणि मगच पुढच्या भिंतीला हात घाला.