बंद शाळेचा फोटो

जपानच्या शिकोकू बेटावर, इया खोऱ्यात नागोरो नावाचं गाव आहे. तिथली शाळा २०१२ साली बंद झाली. शेवटी दोनच मुलं उरली होती. जाण्यापूर्वी त्यांनी आपापल्या रूपाच्या बाहुल्या केल्या. आज त्सुकिमी अयानो या बाईंच्या बाहुल्यांनी वर्ग भरलाय. लांबून माणसं येतात, फोटो काढतात.

तुमच्या गावची मराठी शाळा बंद पडली असेल, तर तुम्हीही कॅमेरा घेऊन जाच. कुलूप आणि पडकी कौलं सगळेच टिपतात. तुम्ही तिथं शिकलेलं एखादं म्हातारं माणूस सोबत न्या.

आमच्या शाळेत मी मावशीला घेऊन गेलो होतो. ‘तुझी आई इथं बसायची,’ तिनं बोट दाखवलं. मी नेमका तेव्हा खिडकीचा फोटो घेत होतो.