दृष्टिपटलाची भूक आणि औषधाची किंमत



कामगार चळवळीतल्या माणसाने डोळ्याच्या शास्त्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण कामगाराची भाकरी हातांइतकीच डोळ्यांवर अवलंबून असते. मायक्रोमीटरवरची रेघ दिसेनाशी झाली की टर्नरचे काम संपले. अशी माणसे युनियनच्या कचेरीत मी अनेकदा पाहिली. त्यांतल्या पुष्कळांना मधुमेह होता, आणि डोळे तपासून घ्या असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. माझे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. म्हणून विषय समजून घेताना मला जे प्रश्न पडले, त्याच क्रमाने तो मांडतो.

पहिला प्रश्न असा की, साखरेचा आणि डोळ्याचा संबंध काय? डोळ्याच्या मागे दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. त्याला प्राणवायू फार लागतो. रक्तात वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की त्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, काही बंद पडतात, आणि पटल उपाशी राहते. चाळीच्या वरच्या मजल्यावर पाणी चढेनासे झाले की बिऱ्हाडकरू मिळेल तेथून नळी जोडतात. सांधा कच्चा राहतो आणि भिंतीत ओल उतरते. येथेही तसेच होते. नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या नाजूक असतात. त्या पाझरतात, त्यांतून रक्तस्राव होतो, आणि दृष्टी जाते.

दुसरा प्रश्न, हे उपाशी पटल आपली मागणी कळवते कशाने? पटलातून काही द्रव्य सुटत असावे, असा तर्क नेत्रवैद्य आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ साली केला. ते द्रव्य हाती लागायला ४० वर्षे गेली. नापोलिओने फेरारा हे मूळचे सिसिलीतील कातानियाचे. कॅलिफोर्नियातील जेनेन्टेक कंपनीत त्यांना नेमून दिलेले काम निराळे होते. पण गाईच्या पीयूषिका ग्रंथीतील काही पेशी रक्तवाहिन्या वाढवणारे काहीतरी सोडतात, हे त्यांनी पूर्वी पाहिले होते, आणि तो धागा त्यांनी सोडला नाही. १९८९ साली ते प्रथिन ओळखले गेले. त्याला व्हीईजीएफ म्हणतात. हार्वर्डच्या हॅरॉल्ड ड्वोराक यांनी १९८३ साली वाहिन्या पाझरवणारे जे द्रव्य वर्णिले होते, तेही हेच निघाले. १९९४ साली मधुमेही रुग्णांच्या डोळ्यातील द्रवात ते वाढलेले आढळले. मागणीची चिठ्ठी सापडली, म्हणजे ती अडवताही येणार!

तिसरा प्रश्न किमतीचा, आणि तो माझ्या धंद्यातला आहे. व्हीईजीएफला अडवणारे ॲव्हॅस्टिन हे औषध २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. त्याच घराण्यातले ल्युसेंटिस २००६ साली म्हातारपणी होणाऱ्या दृष्टिपटलाच्या विकारासाठी आले. पण २००५ पासूनच काही डॉक्टर ॲव्हॅस्टिनची लहानशी मात्रा डोळ्यात टोचू लागले होते. अमेरिकेत एका ल्युसेंटिसला सुमारे २,००० डॉलर पडत, तर ॲव्हॅस्टिनच्या मात्रेला सुमारे ५०. स्वस्त औषध महागाइतकेच चालते काय, हे पाहण्यात विक्रेत्याचा लाभ नव्हता. ती तुलना अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने सरकारी पैशाने करवली. २०११ साली निकाल लागला: वर्षअखेर दोन्हींनी दृष्टी सारखीच राखली. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने डोळ्यासाठी ॲव्हॅस्टिनचे मूळ द्रव्य आवश्यक औषधांच्या यादीत घातले. २०१४ साली इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने, दोन औषधांत कृत्रिम भेद उभा केल्याचा ठपका ठेवून रोश व नोव्हार्टिस यांना १८ कोटी युरोंहून अधिक दंड केला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोठ्या कुपीतून लहान मात्रा काढताना स्वच्छता पाळली नाही तर डोळ्यात जंतू जातात. शोधाला पैसा लागतो, आणि तो कंपनीने घातला, हेही खरे. पण ४० पट किमतीचा हिशेब जनतेने मागू नये, असा त्याचा अर्थ होत नाही. जनतेच्या पैशाने प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर मिळाले.

ही इंजेक्शने पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, आणि मेलेले पटल ती जिवंत करीत नाहीत. आरंभी हा रोग दुखत नाही, दिसतही नाही. तेव्हा घरी मधुमेही माणूस असेल, तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून त्याचा पडदा तपासून घ्या. आणि आपण ज्या कारखान्यात, कचेरीत काम करता, तेथे ही तपासणी मोफत व्हावी म्हणून अर्ज करा. मसुदा लागला तर आमच्या कचेरीत या.