पोराच्या उपचाराचा पैसा पावसाआधी

(पाड्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज आपण वनदाव्यांसाठी जमलोय. त्यात कुपोषण कशाला, असं काही साथी विचारतात. जमीन मिळाली की पोरं आपोआप सुधारतील, असं त्यांचं म्हणणं. आम्हा तरुण कार्यकर्त्यांना ते अर्धंच पटतं. वनहक्क कायदा 2006 सालचा आहे आणि आपल्या फायली अजून फिरतायत. दंड सुकलेल्या पोराकडं एवढी वर्षं नसतात.

अंगणवाडीत दंड मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते पोर तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’. दोन्ही पायांवर सूज असली तरी तेच. अशा पोराला साधा जुलाबसुद्धा घेऊन जातो. पण त्याला उपचार आहे. पोराला भूक लागत असेल आणि दुसरा मोठा आजार नसेल, तर खास आहार देऊन गावातच बरं करता येतं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2007 सालीच सांगितलं. साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. जे पोर खातच नाही, ज्याला ताप, न्यूमोनिया आहे, त्याला मात्र दवाखान्यात न्यायलाच पाहिजे.

म्हणजे उपाय माहीत आहे. अडतं पैशावर, आणि पैसा कधी येतो त्यावर.

गावातल्या बाल विकास केंद्राला आहार लागतो, औषध लागतं, वजनकाटा लागतो, ताईला जादा कामाचा मोबदला लागतो. दवाखान्यात पोराजवळ आई चौदा दिवस राहिली, तर तिला बुडीत मजुरी लागते. ती हातात पडली नाही, तर चौथ्या दिवशी ती पोर उचलून घरी येते. साहेब म्हणतात, आई अडाणी. अडाणी कशी? घरी तिची आणखी दोन पोरं उपाशी असतात.

आपली भूक कधी असते ते आपल्याला माहीत आहे. दिवाळीनंतर वीटभट्टी, पावसाच्या तोंडी परत. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी, आई दिवसभर लावणीला, पोराला जुलाब. सरकारचं वर्ष एप्रिल ते मार्च. मंजुरी, वाटप, खरेदी होता होता पाऊस सरतो. मग मार्चमध्ये खर्च दाखवायची घाई, तेव्हा पोरं भट्टीवर.

नाहीतर पैसा बातमीमागं येतो. 1992 साली जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं गेली, तेव्हा मोठमोठ्या गाड्या आल्या. 2016 साली मोखाड्यात पोरं गेली, तेव्हा परत आल्या. बातमी विझली की केंद्राचं कुलूप ठरलेलं. पोर मेल्यावर येणाऱ्या पैशाला आपण उपचार म्हणायचं नाही.

म्हणून ग्रामसभेत हे ठराव घेऊ:

1. केंद्राचा आणि बुडीत मजुरीचा पैसा दरवर्षी मे महिन्यात जमा व्हावा.
2. किती आला, कशावर गेला, ते अंगणवाडीच्या भिंतीवर लिहावं.
3. भट्टीवर जाणाऱ्या पोराचं कार्ड सोबत द्यावं, तिथल्या अंगणवाडीनं आहार चालू ठेवावा.
4. ‘वनजमीन आहे’ म्हणून अंगणवाडी अडवू नये. कायद्याच्या कलम 3(2) प्रमाणं ग्रामसभेची शिफारस असली की त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते.

पेसाचा 5 टक्के निधी ग्रामसभेकडं येतो, आरोग्यावर खर्चता येतो. गाडी अडली, आहार उशिरा आला, तर तो वापरू. पण तो दाखवून सरकारनं हात झटकायचे नाहीत.

आणि जमिनीची लढाई सोडायची नाही. बरं झालेलं पोर त्याच रिकाम्या कणगीपाशी परत आलं, तर पुढल्या पावसात पट्टी पुन्हा लाल दाखवील. उपचारानं पोर यंदा वाचेल. नाचणी-वरईचं रान आपल्या नावावर झालं, तर ते पुढंही वाचेल. दोन्ही मागण्या एकाच मोर्चात न्यायच्या.

जिंदाबाद!