बिल फाडतानाच ठरणारा कर

ई-इन्व्हॉइस म्हणजे सरकारच्या पोर्टलवर बनवलेले बिल, असा समज ठाणे, भिवंडी, कल्याण आणि डोंबिवलीच्या पेढ्यांवर अजूनही भेटतो. बिल प्रत्यक्षात व्यापाऱ्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये तयार होते. त्यातला तपशील ठरावीक साच्यात, जेसन फाइलच्या रूपाने, इन्व्हॉइस नोंदणी पोर्टलकडे जातो. पोर्टल तो तपासते, ६४ वर्णांचा नोंदणी क्रमांक म्हणजे आयआरएन देते आणि डिजिटल सही असलेल्या क्यूआर कोडसह बिल परत पाठवते. आयआरएन चार गोष्टींवरून बनतो: विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवजाचा क्रमांक. रक्कम, माल किंवा घेणाऱ्या पार्टीचे नाव त्यात येत नाही. म्हणूनच एका बिल क्रमांकावर दुसऱ्यांदा आयआरएन मिळत नाही, पहिला रद्द केला असला तरीही. ज्याला ही पद्धत बंधनकारक आहे त्याने आयआरएनशिवाय दिलेला कागद जीएसटी नियम ४८ प्रमाणे बिल मानलाच जात नाही, आणि मग घेणाऱ्याचे इनपुट क्रेडिटही धोक्यात येते.

ही सारी देवघेव काही सेकंदांत उरकते. करसल्लागार आणि हिशेबनीस यांच्यापुढचा प्रश्न त्याच सेकंदांतून निघाला आहे. कर ठरण्याची वेळ महिनाअखेरीकडून बिल फाडण्याच्या वेळेवर आली. या पट्ट्यातल्या हिशेबाची घडी मात्र महिनाअखेरीभोवतीच बसलेली राहिली.

बदल टप्प्याटप्प्याने आला. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरुवात झाली. १ जानेवारी २०२१ ला मर्यादा १०० कोटींवर आली, त्याच वर्षी १ एप्रिलला ५० कोटींवर, २०२२ मध्ये आधी २० आणि मग १० कोटींवर, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर. पहिल्या टप्प्यांतल्या कंपन्यांकडे संगणक विभाग होते. शेवटचा टप्पा थेट वागळे इस्टेटमधल्या इंजिनिअरिंगच्या गाळ्यांत, डोंबिवली एमआयडीसीतल्या रंग-रसायनांच्या कारखान्यांत आणि उल्हासनगरच्या कपडा बाजारात पोचला. तिथे संगणक विभाग म्हणजे टॅली येणारा एक मुलगा आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येणारा पार्टटाइम अकाउंटंट. ग्राहकाला थेट किरकोळ विक्री करणारे दुकानदार या बंधनाबाहेर आहेत; बंधन आहे ते नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलांवर आणि निर्यातीवर.

५ कोटी मोजताना होणारी गफलत जुनीच आहे. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षात मर्यादा ओलांडली की बंधन लागते, मग पुढे धंदा निम्म्यावर आला तरी सुटका नाही. हिशेब पॅनवर होतो, म्हणजे देशभरातल्या सगळ्या शाखा मिळून. करमुक्त मालाची विक्रीही त्यात धरली जाते. कल्याणच्या बाजार समितीत सुटे धान्य आणि २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशव्या असे दोन्ही विकणाऱ्या व्यापाऱ्याचे उदाहरण बोलके आहे. सुट्या धान्यावर कर नाही, पिशवीबंद मालावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे. करपात्र विक्री जेमतेम काही लाखांची असली तरी एकूण उलाढाल ५ कोटींपुढे गेली की पिशवीबंद मालाच्या घाऊक बिलांना आयआरएन लागतो. सुट्या धान्याच्या बिल ऑफ सप्लायला तो लागत नाही. दोन्हींसाठी वेगवेगळ्या मालिका ठेवायच्या हे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. ते आपणहून ओळखत नाही.

भिवंडीची अडचण निराळी आहे. बिल मुंबईच्या ऑफिसातून निघते, माल काल्हेर किंवा माणकोलीच्या गोडाऊनमधून निघतो, आणि पार्टी सांगते की माल तिसऱ्याच पत्त्यावर उतरवा. साच्यात या चारही पत्त्यांना स्वतंत्र जागा आहे: बिल देणारा, माल निघण्याचे ठिकाण, बिल घेणारा, माल उतरण्याचे ठिकाण. पत्ता भरताना पिनकोड आणि राज्य यांचा मेळ पोर्टल तपासते, आणि ई-वे बिलाचे अंतर पिनकोडवरूनच धरले जाते. गोडाऊनचा ४२१३०२ भरायच्या जागी ऑफिसचा पिनकोड राहून गेला की अंतर चुकते, अंतरावरून ठरणारी ई-वे बिलाची मुदत चुकते, आणि ट्रक मुदतीबाहेर रस्त्यावर सापडू शकतो. एकाच जीएसटी क्रमांकाखालच्या दोन गोडाऊनमध्ये माल हलवला तर ती विक्री नव्हे. तिथे डिलिव्हरी चलन पुरते. यंत्रमागाच्या जॉबवर्कलाही चलनच लागते. महाराष्ट्रात जॉबवर्कसाठी सूत, कापड व तयार कपडे ५० किलोमीटरच्या आत नेताना ई-वे बिलाची सूट आहे. एरवी राज्यांतर्गत वाहतुकीत १ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. भिवंडीच्या धंद्याला जॉबवर्कची ही सूट नेमकी बसते, पण सॉफ्टवेअर आपल्या ठरलेल्या सवयीने ई-वे बिल मागते आणि नवखा कारकून ते काढून बसतो. यात दंड नाही, फक्त फुकटचे काम.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले तेव्हा मास्टरचे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वस्तू आणि दरांच्या मूळ नोंदींचे, महत्त्व सर्वांना कळले. उल्हासनगरची जीन्स हे चांगले उदाहरण आहे. आधी नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के असा कर होता. आता २५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८. दर वस्तूवर नसून नगाच्या विक्रीमूल्यावर आहे. छापील किंमत २६०० असलेल्या पँटवर बिलातच ५ टक्के सूट दिली की मूल्य २४७० होते आणि दर १८ वरून ५ वर येतो. ज्यांनी मास्टरमध्ये वस्तूलाच एक ठोकळ दर चिकटवला होता त्यांची बिले एक तर जास्त कराची निघाली किंवा कमी. तारखेचाही गुंता होता. माल आणि बिल दोन्ही २१ सप्टेंबरपर्यंतचे असतील तर पैसे नंतर आले तरी जुना दर. माल आधी गेला पण बिल आणि पैसे दोन्ही नंतरचे असतील तर नवा. जीएसटी कायद्याच्या कलम १४ मधला हा नियम. मास्टरमध्ये दर कोणत्या तारखेपासून लागू हे लिहिण्याची सोय असते. ती न वापरता जुना दर खोडून नवा टाकणाऱ्यांना मागच्या तारखेच्या क्रेडिट नोटांनी त्रास दिला.

यापेक्षा मोठा धोका आयआरएन मिळाल्यानंतर सुरू होतो. संध्याकाळी पार्टीचा फोन येतो, भाव चुकला. कारकून टॅलीतली एंट्री उघडतो, सॉफ्टवेअर सूचना दाखवते, तो ‘हो’ म्हणतो आणि आकडा बदलतो. पोर्टलला याची खबरही नसते. आयआरएनचा तपशील आपोआप जीएसटीआर-१ मध्ये उतरतो तो जुन्या आकड्याने; वहीत नवा आकडा राहतो. ई-इन्व्हॉइसमध्ये दुरुस्ती नाही. आहे ते पूर्ण रद्द करणे, तेही २४ तासांच्या आत आणि चालू ई-वे बिल नसेल तर. त्यानंतर क्रेडिट नोट, आणि तिलाही आयआरएन. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्यावरच्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. एकतिसाव्या दिवशी पोर्टल बिल घेत नाही. मागच्या तारखेची बिले महिनाअखेरीस ‘बसवण्याची’ कला, जी या धंद्यात एके काळी हुशारी समजली जाई, ती इथे संपली. जुलै २०२५ च्या करकाळापासून जीएसटीआर-३बी मधली आपोआप आलेली विक्रीकराची रक्कमही हाताने बदलता येत नाही. फेरफार करायचा तर त्याआधी जीएसटीआर-१ए मधून.

ग्रीसची व्यवस्था शेजारी ठेवली की भारताची चाल अधिक स्पष्ट दिसते. तिथल्या महसूल प्राधिकरणाचे मायडेटा हे व्यासपीठ प्रत्येक दस्तऐवजाला ‘मार्क’ नावाचा स्वतंत्र क्रमांक देते. इथवर साम्य आहे. पण ग्रीसमध्ये विक्रेत्याने उत्पन्नाचे आणि खरेदीदाराने खर्चाचे वर्गीकरणही कळवायचे असते. सरकारला बिलाबरोबर हिशेबाच्या वहीचे पानही हवे असते. भारतात वही व्यापाऱ्याकडेच राहिली, खरेदीदाराला बोलावले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीममधून: आलेले बिल स्वीकारा, नाकारा किंवा प्रलंबित ठेवा. काहीच न केल्यास ते स्वीकारले असे मानले जाते. डोंबिवलीच्या छोट्या कारखान्यांत सध्या हेच ‘काहीच न करणे’ सर्रास चालते.   

सॉफ्टवेअर निवडण्याचा प्रश्न या सगळ्यापुढे दुय्यम ठरतो. दिवसाला चार बिले असतील तर एनआयसीचे मोफत साधन पुरते. पन्नास असतील तर पोर्टलशी थेट जोडलेले सॉफ्टवेअर हवे. पोर्टलवरच्या लॉगइनला आता दुहेरी पडताळणी लागते, आणि ओटीपी मालकाच्या फोनवर जातो. मालक लोकलमध्ये मुंब्रा आणि दिव्याच्या दरम्यान असेल तर गोडाऊनवर ट्रक थांबतो. बिल काढणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र उप-वापरकर्ता करून देणे हा त्यावरचा साधा उपाय. पासवर्ड पाच जणांत वाटण्यापेक्षा तो सुरक्षितही आहे, कारण कोणते बिल कोणी काढले हे नंतर सांगता येते.

बदलायची खरी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. दर आणि एचएसएन यांचे मास्टर करसल्लागाराने स्वतः तपासून कुलूपबंद करावेत. ५ कोटींवरच्या पेढ्यांना सहा अंकी एचएसएन लागतो आणि तो पुरवठादाराच्या बिलावरून उतरवून घेण्याची सवय मोडावी. आयआरएन मिळालेल्या एंट्रीत बदल करण्याचा अधिकार कारकुनाकडे नसावा. वही आणि पोर्टल यांची जुळवणी रोज संध्याकाळी व्हावी, म्हणजे २४ तासांची मुदत वापरता येते. महिन्याच्या दहा तारखेला झालेल्या जुळवणीतून फक्त क्रेडिट नोटा निघतात. अडथळा आहे तो शुल्काचा. या भागात करसल्लागाराचे मानधन बहुधा रिटर्नमागे ठरते, आणि मास्टरची तपासणी, रोजची जुळवणी, बिल काढणाऱ्या मुलाला शिकवणे ही कामे त्यात कुठेच मोजली जात नाहीत. ती कराराच्या पत्रात वेगळी लिहावी लागतील आणि त्यांचे पैसे वेगळे मागावे लागतील. पार्टटाइम अकाउंटंटच्या भेटीही महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात न साचता, बिले जास्त निघतात त्या दिवसांवर पसरवाव्या लागतील.