वरच्या दुधाचा व्यापार



अंगावरचे दूध आणि वरचे दूध, हे दोन शब्द आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. आज मी बोलणार आहे ते आयर्लंडमधून परदेशी जाणाऱ्या वरच्या दुधाविषयी. हिरव्या कुरणांचा हा देश तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीचा मोठा निर्यातदार आहे; आणि युरोपात जेथे माता सर्वांत कमी प्रमाणात अंगावर पाजतात, अशा देशांतही त्याची गणना होते. तेथील आरोग्यखाते मातांना सांगते, पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्या. शेतीखाते त्याच वेळी भुकटीच्या निर्यातीचा अभिमान बाळगते. एका घरात दोन चुली, असा हा प्रकार आहे.

भुकटी वाईटच, असे मला म्हणावयाचे नाही. ज्या बाळाची आई दगावली, किंवा जिला काही कारणाने पाजता येत नाही, त्या बाळाला ती जीवदान देते. परंतु कारखाने एवढ्या थोड्या बाळांवर चालत नाहीत. पान्ह्याचा नियम असा की, बाळ जितके ओढील तितके दूध येते. बाटली मध्ये आली की ओढणे कमी होते, दूध आटते, आणि मग बाटलीवाचून गत्यंतर उरत नाही. जाहिरातीला एवढी फट पुरते. म्हणूनच १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने अशा प्रचाराविरुद्ध आचारसंहिता संमत केली. अनुकूल मते ११८, विरुद्ध एकच, अमेरिकेचे! भारताने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. युरोपात मात्र पहिल्या सहा महिन्यांच्या भुकटीच्या जाहिरातीला आवर घातलेला असला, तरी पुढच्या वयाच्या भुकटीची जाहिरात चालते.

२०१५ साली युरोपातील दूधउत्पादनावरची मर्यादा उठली आणि आयर्लंडमध्ये गाई वाढल्या. गाईंबरोबर मिथेन वायू आला, गोठ्यांतले व खतांतले नायट्रेट नद्यांत उतरले. इकडे त्याच देशाने २०३० पर्यंत, २०१८ च्या मानाने, उष्णता वाढविणारे वायू ५१ टक्क्यांनी घटविण्याचे ठरविले आहे. शेतीच्या वाट्याला २५ टक्क्यांची घट आली. आणि दूध वाळवून, डब्यांत भरून धाडावयाचे कोठे, तर सातासमुद्रापलीकडे, जेथे आईपाशी ते आयते आहे! तिला दोन घास अधिक लागतात, एवढाच त्याचा खर्च. अर्थात तिचा वेळ आपण फुकट धरतो. भरपगारी रजा न देता केलेला स्तनपानाचा उपदेश मला पोकळ वाटतो.

या व्यापाराचे मोठे गिऱ्हाईक चीन. २००८ साली तेथील भुकटीत मेलामाइन हे रसायन मिसळलेले आढळले, सहा बाळे दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. तेव्हापासून तेथील आईबाप परदेशी डब्यांकडे वळले. पुढे जन्मच घटले : २०१६ साली सुमारे १ कोटी ७९ लाख, तर २०२३ साली सुमारे ९० लाख. त्याच वर्षी ऑक्टोबरात नेस्ले कंपनीने लिमरिक परगण्यातील आस्कीटन येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. पाचशेंहून अधिक माणसे तेथे कामाला होती. कारण सांगितले गेले ते चीनमधील रिकाम्या पाळण्यांचे. नद्यांचा त्यात उल्लेख नव्हता, आणि मातांचाही नव्हता.