व्यवहार एक, नोंदी दोन

अकरावीला वाणिज्य शाखा घेतली की ‘द्विनोंदी’ हा शब्द समोर येतो आणि पुष्कळ मुलं तिथेच बिचकतात. खरं तर कल्पना फार सुंदर आहे. समजा, दुकानदाराने ५०० रुपये रोख देऊन विक्रीसाठी कापड घेतलं. माल आला, म्हणून खरेदी खात्याच्या नावे ५००. रोकड गेली, म्हणून रोख खात्याला जमा ५००. व्यवहार एक, नोंदी दोन. त्यामुळे तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, काढल्यावर दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही, की कुठेतरी चूक आहे हे लगेच कळतं.

ही पद्धत इटलीतल्या व्यापाऱ्यांची. ती शोधली लुका पाचोलीने, असं सर्रास म्हणतात. ते बरोबर नाही. या गणिती धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात ती नीट समजावून सांगितली, हे त्याचं मोठं काम. त्याच्याच दुसऱ्या ग्रंथासाठी लिओनार्दो दा विंचीने आकृत्या काढल्या होत्या!

मुलांनो, नियम पाठ करण्याआधी आठवडाभर घरखर्चाची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंदवही, लिहा आणि रविवारी तिची खतावणी करून, म्हणजे त्या नोंदी खात्यांनुसार उतरवून पाहा.